भितले लाकूड कसाले?

गेल्या महिन्यात पुण्याहून दादाचा (म्हणजे माझ्या आतेभावाचा) फोटो आला. त्याच्या बाणेरच्या फ्लॅटमधली बैठकीची खोली, आणि सोफ्यामागची अख्खी भिंत लाकडाची. खाली एकच शब्द, "ओळखलंस?"

मी काही ओळखलं नाही. मला वाटलं, घेतलं यानेही डोक्यात ते नवीन खूळ. हल्ली ज्याच्या घरी जावं तिथे एक भिंत अशी "वेगळी" असते. टीव्हीच्या मागे उभ्या पट्ट्यापट्ट्यांचे लूव्हर्स, पलंगाच्या मागे खरखरीत फळ्या, आणि घरमालक हात फिरवून दाखवतात, "टेक्सचर बघा ना!" हात फिरवला की बरेचदा प्लास्टिक लागतं. पण मग फोटो मोठा करून पाहिला आणि डाव्या कोपऱ्यात, एका फळीच्या डोक्यावर, पटाशीने कोरलेला ७ दिसला. मराठी सात. मग मात्र ओळखलं.

त्या आमच्या पिंपळनेरच्या दुकानाच्या फळ्या होत्या.

आमच्या नात्यातल्या धाकट्या पिढीने हे प्रकरण पाहिलेलंच नाही, म्हणून सांगते. पूर्वी बाजारपेठेतल्या दुकानांना शटर नव्हतं. दुकानाच्या तोंडाला खाली उंबऱ्यात एक खाच आणि वर तुळईत एक खाच. सागाच्या उभ्या फळ्या एकेक करून त्या खाचेत सरकवायच्या, शेवटची फळी बसली की आडवा लोखंडी पट्टा टाकून कुलूप. प्रत्येक फळी आपापल्या जागीच बसते, कारण सुताराने ती हाताने तासलेली, दोन फळ्या कधी सारख्या नसतात. म्हणून आकडे कोरलेले. आमच्या दुकानाला अकरा फळ्या होत्या. सकाळी अकरापासून एककडे काढायच्या, रात्री एकपासून अकराकडे लावायच्या. आणि सातव्या फळीत छातीच्या उंचीवर एक वीतभर झडप होती. रात्री दुकान बंद झाल्यावर कुणाला काडेपेटी, गूळ, पोराच्या पोटदुखीला ओवा असं काही लागलं तर अख्खं दुकान न उघडता तेवढ्यातून द्यायचं.

म्हणजे बघा, आमच्या घरात लाकडाची भिंत होती, पण ती रोज सकाळी काढून ठेवायची असे!

दादाच्या घराचं काम चालू असताना आत्या तिथेच राहत होती. ती त्याच्याकडेच असते. डिझायनर मुलीने तिला फार प्रेमाने समजावून सांगितलं की आजी, ही ॲक्सेंट वॉल आहे, तिच्यामुळे खोलीला ऊब येते. आत्याला पुण्यात येऊन पन्नास वर्षं झाली तरी मनातलं बोलायचं झालं की तिची अहिराणीच बाहेर पडते. ती म्हणाली, "भितले लाकूड कसाले?" भिंतीला लाकूड कशाला?

दादाने हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. मी हसलेही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कशाला? आणि आजवर नव्हतं ते का नव्हतं?

खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. वरून सपाट, मातीचं छप्पर. आधी सागाचे खांब, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा (लाकडाचा पाय ओलीला लागू नये म्हणून). खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने लाकडाचे लहान तुकडे म्हणजे किलचन, त्यावर कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला, आणि त्यावर मातीचे थर, शेवटी खारी माती. ही खारी माती पाणी आत मुरू देत नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर नवी खारी टाकायची, नाहीतर आषाढात घरभर भांडी मांडायची वेळ. एवढ्या मातीचं वजन किती होत असेल! ते पेलायला खांब आणि तुळया तशाच लागत. आमच्या घरातल्या मधल्या खांबाला मी लहानपणी मिठी मारायचे तेव्हा माझे हात एकमेकांना लागत नसत.

आणि गंमत म्हणजे भिंतींवर यातलं काहीच वजन नसे. बाहेरच्या भिंती दोन-अडीच हात जाड, मातीच्या, पण त्यांच्या पोटातही लाकडी खांब लपवलेले असत. भार सगळा लाकडावर. एखाद्या पावसाळ्यात एखादी भिंत खचून बसली तरी घर उभंच. आजी त्या मधल्या खांबाला दिवाळीच्या पाडव्याला हळदकुंकू लावायची आणि म्हणायची, "हाऊ खांब शे म्हनीसन घर शे."

तर लाकूड घरभर होतं, पण ते कामावर होतं. नुसतं मिरवायला उभं केलेलं लाकूड आमच्याकडे जवळजवळ नव्हतं. नक्षी कुठे? तर खांबाच्या डोक्यावर, जिथे तो तुळईला भेटतो. दरवाजाच्या चौकटीवर, गणेशपट्टीवर. बस्स. सुतार जिथे दोन लाकडांचा सांधा लपवायचा किंवा मजबूत करायचा तिथेच फूल काढी. आमच्या चौकटीवर दोन पोपट आणि मध्ये शके १८५४ असं कोरलेलं होतं, म्हणजे १९३२ चं बांधकाम. बाकी सगळं लाकूड बिनचेहऱ्याचं. वर्षातून एकदा बेलतेलाचा हात, की झालं.

भिंतीला लाकूड न लावण्याची कारणं उघड आहेत. एक तर उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये खानदेशात मातीची जाड भिंत हीच माणसाची मावशी. दिवसभराचं ऊन ती स्वतः पिते आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. थंड देशांचं उलट. इंग्लंडमध्ये सरदारांच्या दगडी घरांना आतून ओकच्या फळ्या ठोकत, त्या शोभेच्या होत्या हे खरं, पण मुळात दगडाचा गारठा अंगाला लागू नये म्हणून. डिझायनर मुलगी "ऊब" म्हणाली ना, तो शब्द तिकडून आलेला आहे आणि तिकडे तो अगदी शब्दशः खरा आहे. खानदेशात ऊब कोणाला हवी आहे? दुसरं कारण उधई. सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पण भिंतीला चिकटवलेल्या पातळ, गाभा नसलेल्या फळ्या म्हणजे तिला पंगतच. तिसरं कारण आग. शनिवारवाड्याचे वरचे मजले लाकडी होते, १८२८ च्या आगीत सगळे गेले. आज आपण तिथे जाऊन पाहतो ते दगडी जोतं आणि तट. सुरतेत १८३७ साली आग लागली त्यात हजारो घरं जळाली, तीही लाकडाच्या सांगाड्यांची.

श्रीमंतांच्या वाड्यांत लाकूड मिरवलं जाई, नाही असं नाही. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहिलात तर कळेल. पण तिथेही डोळे जातात ते खांबांकडे, महिरपींकडे आणि वर छताकडे. छताला खालून फळ्या मारून जी तक्तपोशी करत तीत सुताराची खरी हौस दिसते. भिंत मात्र चुन्याची, रंगवलेली. भिंतीवर चित्रं, छतावर लाकूड. आपण आता नेमकं उलटं केलंय, छताला पीओपी आणि भिंतीला लाकूड!

आता हे लाकूड येई कुठून? इथे पिंपळनेरचं भूगोलात काय स्थान आहे ते सांगायला हवं. गाव पांझरेच्या काठी, लाटीपाड्याचं धरण जवळ, आणि पश्चिमेला गेलं की लगेच डोंगर. चरणमाळचा घाट उतरला की नवापूर, आणि त्याच्या खाली डांगचं जंगल. आज पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे, पण १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तालुकाच पिंपळनेर या नावाने आहे. म्हणजे एका बाजूला कापूस-ज्वारीचा सपाट मुलूख आणि दुसऱ्या बाजूला सागाचं रान, यांच्या उंबऱ्यावरचं गाव. घरं बघूनही ते कळायचं. गावात धाबी, आणि पश्चिमेला चार कोस गेलं की पाऊस वाढतो म्हणून उतरती कौलारू आणि गवताची छपरं. आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा दोन हिवाळे बैलगाड्या चरणमाळच्या वाटेने लाकूड घेऊन येत होत्या. रात्री गाड्यांचे कंदील घाटात दिसायचे म्हणे. (घाट गावातून दिसतो का, हे विचारायचं नाही. आजीच्या गोष्टीत दिसतो.)

लाकूड वखारीतून आलं, एवढंच आमच्या घरात ठाऊक होतं. वखारीत कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, थेट अजय स्कारियांचं डांगवरचं इंग्रजी पुस्तक (१९९९ चं) हाती येईपर्यंत. ते वाचलं आणि मग जे जे सापडेल ते वाचत गेले.

साग ही राजाची बाब, हे इंग्रजांनी शोधून काढलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग वगैरे झाडं परवानगीने तोडावीत असं आहेच. पण त्याच ठिकाणी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादं जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं, असंही बजावलेलं आहे. हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. झाडाला धनी असतो आणि त्याला विचारायचं असतं.

खानदेश १८१८ ला इंग्रजांकडे आला. धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज बसला, पुढे १८२५ ला औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, हे आपण शाळेत थोडंफार शिकलो. शाळेत न शिकवलेला भाग असा की १८४२-४३ च्या सुमारास डांगच्या भिल्ल राजांकडून कंपनी सरकारने जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. का, तर साग. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. राजांना वर्षाला ठरावीक रक्कम, आणि झाडं सरकारची. त्या डांगचा कारभार सुरुवातीची कित्येक दशकं खानदेशच्या कलेक्टरकडे, म्हणजे धुळ्याहून चालत असे. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि पाच राजांच्या वंशजांना सरकारकडून समारंभाने ती सालाना रक्कम दिली जाते. लोक हौसेने फोटो काढतात. पण आहे ती जंगलाच्या भाड्याची आठवण.

मग एकामागून एक आलंच. मुंबई इलाख्यात १८४७ ला डॉ. गिब्सन जंगलांचा पहिला अधिकारी नेमला गेला. रेल्वे आली, तिला स्लीपर हवे. १८६४ ला ब्रँडिस नावाचा जर्मन माणूस, जो ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत तयार झाला होता, तो सगळ्या हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला. १८६५ चा कायदा, मग त्याहून कडक १८७८ चा, मग १९२७ चा. राखीव जंगल हा शब्द आला. १९०० च्या आगेमागे सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून रेल्वे नवापूर-नंदुरबारवरून खानदेशात आली आणि लाकूड गाडीबैलाचं रेल्वेचं झालं. हे सगळं मी भराभर सांगतेय, कारण त्यात वाईटच होतं असंही मला म्हणता येत नाही. व्यापाऱ्यांची तोड बेसुमार होती आणि कोणीतरी आवर घालायला हवा होता, हेही खरं. पण आवर घातला तो कोणावर, हे महत्त्वाचं आहे.

आमच्याकडे एक सालदार होते. पश्चिमेकडच्या एका पाड्यावरचे, कोकणी. (बाहेरच्यांसाठी: ही कोकणातली माणसं नव्हेत, कोकणी किंवा कोकणा ही आमच्याकडची आदिवासी जमात.) वीस-बावीस वर्षं त्यांनी आमच्या शेतावर साल घातलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गाडीत बसून गेलो होतो. त्यांचं घर म्हणजे कुडाचं. बांबू चिरून विणलेल्या भिंती, त्यावर शेणामातीचा हात. जिथे लिंपण निघालं होतं तिथून उन्हाच्या बारीक काड्या आत येत होत्या आणि धुरात उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. मी त्या भिंतीवरून बोट फिरवत बसले होते, खालीवर, खालीवर. आज दादाच्या दिवाणखान्यातली ती डिझायनर मुलगी ज्याला टेक्सचर म्हणते ते मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं.

सागाच्या रानात राहणाऱ्या माणसाचं घर बांबूचं का, आणि मैलोगणती सागाचं झाड नसलेल्या बाजारपेठेतल्या वाण्याचं घर सागाचं का? लहानपणी असा प्रश्न पडत नाही. आपल्याला वाटतं त्यांची तशी पद्धत. पद्धत होतीही, कुडाचं घर त्या पावसात उत्तम चालतं, हलकं असतं, दुसरीकडे हलवता येतं. पण निव्वळ पद्धत नव्हती. डांगमध्ये आणि आमच्या पश्चिम पट्ट्यात साग, शिसव, तिवस अशी चांगली झाडं सरकारी ठरली. जळणाला वाळलेलं न्या, गवत न्या, पण सागाला परवानगीशिवाय कुऱ्हाड लावली की गुन्हा. झाड दारात असलं तरी. आमच्या सालदारांच्या वडिलांना एका सागाच्या मेढीसाठी, म्हणजे छप्पर टेकवायच्या एका खांबासाठी, दंड झाला होता. तो दंड आमच्या पणजोबांनी भरला आणि तो फेडण्यासाठी त्यांनी साल घातलं. आमच्या घरी ही गोष्ट पणजोबांच्या दिलदारपणाची म्हणून सांगत. मीही कॉलेजात मैत्रिणींना तशीच सांगितली आहे. मग कधीतरी हिशेब केला. दंड झाला ते साल आणि चौकटीवर पोपट कोरले गेले ते साल, यांत फार अंतर नाही.

आमच्या एका तुळईच्या टोकाला वखारीच्या लाकडावर असतो तसा हातोड्याचा शिक्का होता. लोखंडी हातोड्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, लाकडाच्या कापलेल्या तोंडावर ठोकला की ती सुलटी उमटतात. तो शिक्का असला की लाकूड कायदेशीर. तेच लाकूड, त्याच रानातलं, पण शिक्का नाही, तर चोरीचं. एवढाच फरक आमच्या घरात आणि त्यांच्या घरात.

जंगलाच्या कायद्यावरून लोक गप्प बसले नव्हते. डांगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उठाव झाले. १९३० ला महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, रायगडमधल्या चिरनेरला तर २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, कूप ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांनाच द्यायची ही त्यामागची कल्पना. १९६० ला डांग गुजरातेत गेलं, नवापूर महाराष्ट्रात राहिलं. १९९६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन खटल्यात देशभरच्या तोडीला आणि आरागिरण्यांना चाप लावला. आणि २००६ ला वनहक्कांचा कायदा आला, त्याच्या पहिल्याच पानावर या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला असं सरकारने स्वतः लिहिलं आहे. आमचे सालदार तोवर राहिले नव्हते. त्यांच्या नातवाचं घर मी मागच्या वर्षी पाहिलं. सिमेंटचं आहे, पत्र्याचं छप्पर, आणि आत बैठकीत एका भिंतीला लाकडी डिझाइनचा वॉलपेपर!

इथे आपल्या मूळ विषयाकडे येते. लाकूड भिंतीवर चढलं कधी? माझ्या मते, ते बेकार झालं तेव्हा. सिमेंटचा स्लॅब आला आणि खांब-तुळयांचं काम संपलं. पिंपळनेरला आमच्या गल्लीत एकेक धाबं उतरत गेलं, दर वर्षी खारी टाकायला माणसं मिळेनात, आणि स्लॅब हे कर्तबगारीचं लक्षण झालं. घर उभं राहायला लाकूड लागेनासं झालं, तेव्हा लाकडाचा नुसता चेहरा उरला. प्लायवूडवर लाकडाची कागदासारखी पातळ साल चिकटवायची, ते व्हिनियर. त्याहून स्वस्त म्हणजे सनमायका. हे नाव खरं तर एका कंपनीच्या मालाचं, पण आपण सगळ्यालाच म्हणतो. त्याचा मूळपुरुष फॉर्मायका, १९१२ ला अमेरिकेत दोन इंजिनियरांनी शोधला तो विजेच्या कामात अभ्रकाच्या ऐवजी वापरायला. फॉर मायका, म्हणजे अभ्रकाऐवजी, म्हणून ते नाव! पुढे त्याच्या वरच्या थरात लाकडाच्या रेषांचा छापील कागद घालायची युक्ती निघाली आणि ते जगभरच्या टेबलांवर चढलं. म्हणजे आपण ज्याला "सागाचं फिनिश" म्हणतो तो सागाचा फोटो असतो. आजोबांचा फोटो भिंतीला लावतो तसाच.

फोटोला मी नाव ठेवत नाही. माझ्याही स्वयंपाकघरात तोच आहे, आणि त्यासाठी कुणाच्या रानातलं झाड पडलेलं नाही ही त्याची जमेची बाजू. खऱ्या सागाचं आज काय आहे? बाजारात येतो तो पुष्कळसा आफ्रिकेतल्या नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा. घाना, इक्वेडोर. चरणमाळची वाट आता फार लांबची झाली.

आणि एक तिसरा प्रकार आहे, जुन्या लाकडाचा. आमचं घर विकलं तेव्हा तो मला कळला. भाऊ आणि मी, दोघांनी सह्या केल्या. जागा घेणाऱ्याला घर नको होतं, फक्त जागा. लाकडासाठी एक व्यापारी आला. त्याने खांबाला नख लावून पाहिलं, वास घेतला, फीतीने मोजलं आणि घनफुटाचा भाव सांगितला. पोपटांची चौकट तो आधी बाजूला काढून घेत होता, तिचा भाव नगावर. कुठे जाणार म्हणून विचारलं तर म्हणाला, रिसॉर्टवाले घेतात, बार काउंटरच्या मागे लावतात. मला रडू आलं नाही. व्यवहार चांगला झाला असंच तेव्हा वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा दादाचा फोन आला होता. आईला काहीतरी घरातलं हवंय, म्हणाला. आत्याने आजोबा गेल्यावर लगेच हक्कसोड लिहून दिलं होतं, त्या काळच्या सगळ्या मुलींसारखं, साडीचोळी घेऊन. कधी काही मागितलं नाही. आता मागितलं तर काय, दुकानाच्या फळ्या. व्यापाऱ्याला त्या नकोच होत्या, पातळ आणि हातांनी झिजलेल्या. अकराच्या अकरा फळ्या ट्रान्सपोर्टने पुण्याला गेल्या आणि मी त्या विसरून गेले, तो फोटो येईपर्यंत.

परवा गेले होते बघायला. डिझायनर मुलीने फळ्या आडव्या लावल्या होत्या, फोटोत ते लक्षात आलं नव्हतं. आणि क्रमही नव्हता. तीन, नऊ, सात, एक. सुताराला तर रंधा मारून साफ करायच्या होत्या, पण आत्याने त्याला हात लावू दिला नाही म्हणे, दोन दिवस समोर खुर्ची टाकून बसली होती. त्यामुळे वाकसाचे घाव तसेच आहेत, आणि उजव्या कडेला, जिथे रोज धरून फळी उचलत, तिथे लाकूड बोटांनी खोल झालेलं आहे. ते आता आडवं आहे एवढंच.

मी आत्याला विचारलं, आवडली का गं भिंत? म्हणाली, बरी आहे. मग म्हणाली, क्रम चुकला त्यांचा. मी म्हटलं, सांगायचं ना. तर म्हणते, त्या पोरीने एवढं मन लावून केलं, आणि आता काय दुकान उघडायचंय?

संध्याकाळी दादा-वहिनी बाहेर गेले होते. आत्या उठली, काठी सोफ्याला टेकवली आणि भिंतीपाशी गेली. सातव्या फळीची झडप आता आडवी झालेली, बिजागरी गंजलेली. तिने बोटाने चाचपून खिटी सरकवली आणि झडप उघडली. आत राखाडी सिमेंट, आणि कोपऱ्यातून गेलेली एक पांढरी वायर. तिने थोडं वाकून पाहिलं आणि झडप लावून टाकली.

"दुकान बंद शे," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "सकायले ये."